अळीच्या आजीचा पत्ता

२०१८ची दिवाळी. कुर्डुवाडीजवळ मामांच्या रानात जनावरांसाठी केलेला मका गुडघ्याएवढा आला होता आणि पानांना ओळीने भोकं पडली होती. मामांनी एका ताटाचा पोंगा उलगडून दाखवला. आत ओल्या भुशासारखी घाण आणि तिच्यात एक करडी अळी. डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ उलटा काढल्यासारखी खूण, शेपटाकडे चौकोनात चार ठिपके.

“ही कुठनं आली रं? आन् आता जवारीवर पण जाणार का? बघ की तुझ्या मोबाईलमधी.”

मी इंजिनिअर, म्हणजे मला सगळं माहीत असणार, असा मामांचा समज. मी बघितलं आणि सांगितलं, “अमेरिकेतून आलीय, मामा.” ते हसले. ज्वारीबद्दल मला काहीच सांगता आलं नाही. ते दोन प्रश्न तेव्हापासून डोक्यात राहिले. नंतर वाचत गेल्यावर कळलं की जगभरचे शास्त्रज्ञही तेच दोन प्रश्न विचारत होते आणि पहिल्या फेरीत त्यांचीही थोडी फसगत झाली होती.

ही अमेरिकन लष्करी अळी. शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. १७९७ साली जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने तिचं पहिलं वर्णन छापलं. नावातल्या ‘फ्रुजिपर्डा’चा अर्थच पिकाची नासाडी करणारी. तिचं मूळ घर अमेरिका खंडाचा उष्ण पट्टा. कडाक्याची थंडी तिला सोसत नाही, त्यामुळे अमेरिकेच्या उत्तर भागात ती दरवर्षी नव्याने उडत जाते. पतंग झाल्यावर एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाण्याची तिची ताकद आहे. तरीही दोनशेहून जास्त वर्षं ती त्याच खंडात राहिली.

मग २०१६मध्ये ती पश्चिम आफ्रिकेत सापडली. मे २०१८मध्ये कर्नाटकातल्या शिवमोग्ग्याच्या मक्यात दिसली आणि तिथल्या कृषी महाविद्यालयातल्या शरणबसप्पा, कल्लेश्वरस्वामी आणि सहकाऱ्यांनी ती ओळखली. त्याच वर्षी पावसाळ्यात आपल्या सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या तांदुळवाडीच्या मक्यात ती आढळली. पाठोपाठ सांगली जिल्ह्यातल्या घोगावच्या उसातही. दिवाळीपर्यंत मामांचं रान आलंच.

आता अळीकडे ना पासपोर्ट, ना तिकीट. मग ती कुठून आली हे कसं शोधायचं?

इथे मायटोकॉन्ड्रिया येतो. हे पेशीतलं वीजघर. त्याच्याकडे स्वतःचा छोटासा डीएनए असतो. माणसात सुमारे साडेसोळा हजार अक्षरांचा, या अळीत सुमारे पंधरा हजारांचा. त्याची खासियत अशी की तो फक्त आईकडून येतो. केंद्रकातला डीएनए दर पिढीत आई आणि बापाचे पत्ते पिसल्यासारखा मिसळतो, हा मिसळत नाही. आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे, जसाच्या तसा. अधूनमधून एखादं अक्षर बदलतं आणि तो बदल पुढच्या सगळ्या पिढ्यांत राहतो. आमच्या धंद्यातल्या लॉग फाईलसारखं: जुनं खोडलं जात नाही, फक्त भर पडते. १९८७मध्ये अॅलन विल्सन आणि सहकाऱ्यांनी याच वहीवरून आजच्या सगळ्या माणसांची आईकडची मुळं आफ्रिकेपर्यंत नेली.

कीटकांसाठी सगळी वही वाचावीच लागते असं नाही. २००३मध्ये कॅनडाच्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या पॉल हेबर्ट यांनी मांडलं की ‘सीओआय’ या एकाच जनुकाचा साडेसहाशे अक्षरांचा तुकडा प्राण्याची जात ओळखायला पुरतो. दुकानातल्या मालावर बारकोड असतो, तसं. अळी लहान असो, मेलेली असो, नुसता पाय हाती लागलेला असो, काम होतं. शिवमोग्ग्यानंतर भारतात ठिकठिकाणच्या अळ्यांची ओळख अशीच पक्की झाली.

पण या अळीच्या बाबतीत एक जुनं लफडं होतं. १९८६मध्ये डोरोथी पॅश्ली या अमेरिकन संशोधिकेने दाखवलं की ही दिसायला एक असली तरी आतून दोन वाणांची आहे. एक मुख्यतः मका, ज्वारी, कापसावर वाढणारा, त्याला मक्याचा वाण म्हणू. दुसरा भात आणि गवतांवर वाढणारा, तो भाताचा वाण. डोळ्यांनी दोघांत फरक दिसत नाही, डीएनएत दिसतो. पुढे त्यासाठी नेहमीची चाचणी ठरली तीच, सीओआयची.

भारतातल्या अळ्यांची ही चाचणी केली तर उत्तर आलं: बहुतेक भाताच्या वाणाच्या!

आता हे उत्तर घेऊन रानात जा. मका खाल्ला जातोय, ज्वारी खाल्ली जातेय, उसावर अळी दिसतेय, आणि भात जवळपास सुटलाय. म्हणजे कागदावर मामांना सांगायला हवं होतं, “ज्वारीची काळजी करू नका.” आणि कोकणातल्या भातवाल्याला सांगायला हवं होतं, “सावध राहा.” दोन्ही सल्ले चुकीचे ठरले असते.

चाचणी खोटी नव्हती. तिला विचारलेला प्रश्न अपुरा होता.

कुर्डुवाडीच्या माणसाला हे समजायला सोपं आहे. १८९७मध्ये बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी गाडी कुर्डुवाडीहून बार्शीला सुरू झाली. पुढे ती १९०६मध्ये पंढरपूर, १९११मध्ये लातूर आणि १९२७मध्ये मिरजेपर्यंत पोचली. त्याच स्टेशनावरून मुंबई-मद्रासची मोठी लाईनही जात होती. समजा, उद्या एखाद्या इतिहासकाराला फक्त बार्शीच्या गाडीची तिकीटवही मिळाली. तो लिहील, कुर्डुवाडीत येणारी माणसं बार्शीकडची. वहीतली प्रत्येक नोंद खरी, पण वही एकाच लाईनची. मायटोकॉन्ड्रिया ही अशी एकाच लाईनची वही. आईच्या आईच्या आईचा पत्ता ती बरोबर सांगते. बाकी कुटुंबाबद्दल गप्प बसते.

मग दुसरी वही उघडली. २०१९मध्ये अमेरिकेतले रॉड नागोशी आणि भारतातल्या संशोधकांसह त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिका आणि भारतातल्या अळ्यांत सीओआयबरोबर ‘टीपीआय’ हे जनुकही तपासलं. ते झेड गुणसूत्रावर असतं. पतंगांत गंमत अशी की माणसाच्या उलट, मादीकडे दोन वेगळी लिंग-गुणसूत्रं असतात आणि लेकीला झेड फक्त बापाकडून मिळतं. टीपीआयचं उत्तर आलं: जवळजवळ सगळ्या मक्याच्या वाणाच्या.

याचा साधा अर्थ असा. कधीतरी भाताच्या वाणाच्या मादीचा मक्याच्या वाणाच्या नराशी संकर झाला. तिच्या लेकी, नाती पुन्हा पुन्हा मक्याच्याच नरांशी जुळत गेल्या. दर पिढीत केंद्रकातला भाताचा वाटा कमी होत गेला, पण आजीचा मायटोकॉन्ड्रिया तसाच उतरत राहिला. आडनाव एका घराण्याचं, चालीरीती दुसऱ्याच. आणि रानात अळी चालीरीतींप्रमाणे वागते.

त्या अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष होता की आफ्रिका आणि भारतातल्या अळ्या अलीकडे एकाच मूळ स्रोतातून आल्या. अमेरिका, मग पश्चिम आफ्रिका, मग भारत अशी सरळ गोष्ट सगळ्यांना पटलीही. पण २०२२मध्ये पूर्ण जनुकसंच वाचणारे अभ्यास आले. त्यांनी दाखवलं की ही अळी जुन्या जगात एकदाच नाही, अनेकदा शिरली असावी आणि आशियातल्या सगळ्या अळ्या आफ्रिकेतूनच आल्या असं धरता येत नाही. २०१६, २०१८ ही साल आपल्याला ती दिसल्याची आहेत, ती आल्याची असतीलच असं नाही.

हा नुसता कुतूहलाचा प्रश्न नाही. फवारणीला दाद न देण्याची ताकद अळीत येते ती केंद्रकातल्या जनुकांमुळे. ती एकदाच आली असेल तर सोबत एकच सामान आणलं असेल. पुन्हा पुन्हा येत असेल, तर दर खेपेला नवी प्रतिकारशक्ती घेऊन येऊ शकते. कुठलं औषध चालेल आणि बंदरांवर, विमानतळांवर तपासणी किती कडक हवी, हे त्यावर ठरतं. आजीचा पत्ता त्याला पुरत नाही.

मामांच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर आता थोडं लांबलंय: “अमेरिकेतूनच, पण कुठल्या वाटेने आणि किती वेळा, ते अजून शोधतायत.” दुसऱ्याचं उत्तर त्यांना माझ्याआधी मिळालं. पुढच्या हंगामात ती ज्वारीवर गेली. आता मामा कामगंध सापळे लावतात, पानांवर अंडीपुंज दिसला की चिरडतात, अळी लहान असतानाच निंबोळी अर्क मारतात. आणि सकाळी रानात गेलं की आधी पोंगा उलगडून बघतात.