सरासरीखालची माणसे

ठाण्याचा टेंभी नाका बहुतेकांना ठाऊक असतो तो नवरात्रातील देवीमुळे. पण नाक्यालगतच्या विठ्ठल सायन्ना सिव्हिल हॉस्पिटलमुळे या जागेला दुसरीही एक ओळख होती. समुद्रकिनाऱ्यापासून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांपर्यंत पसरलेल्या जुन्या, अखंड ठाणे जिल्ह्याचे ते मुख्य शासकीय रुग्णालय. १९९२ साली याच जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. (१ ऑगस्ट २०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो.) त्यानंतर ‘कुपोषण’ हा शब्द वर्तमानपत्रांत नित्याचा झाला. परंतु एखादे मूल, एखादे कुटुंब किंवा एखादा पाडा कुपोषित आहे हे ठरवायचे कसे? या प्रश्नाच्या उत्तरात कोठे ना कोठे एक सरासरी दडलेली असते, आणि त्या सरासरीपासून किती ढळले म्हणजे ‘खरोखर’ ढळले, हा संख्याशास्त्रातील परिकल्पना-परीक्षणाचा प्रश्न असतो. वावर-वांगणीच्या आधी दशकभर पुण्यातील दोन विद्वानांमध्ये नेमक्या याच प्रश्नावर वाद झडला होता. त्या वादाचा इतिहास आजही वाचण्याजोगा आहे.

प्रथम परीक्षणाविषयी थोडेसे. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीगृहात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात दहा रुग्णांना दिलेल्या झोपेच्या औषधांचे आकडे उदाहरणादाखल घेतले होते. प्रश्न साधा होता: औषधाने वाढलेल्या झोपेचे माध्य शून्याहून खरोखरच अधिक आहे, की दहाच माणसे पाहिल्यामुळे तसे भासते आहे? रीतही तशी सरळ आहे. आधी गृहीत धरायचे की समष्टीचे माध्य अमुक इतकेच आहे. मग नमुन्याचे माध्य त्यापासून किती दूर पडले ते पाहायचे, आणि ते अंतर केवळ योगायोगाने पडू शकणाऱ्या अंतराच्या किती पट आहे हे तपासायचे. पट मोठी निघाली तर गृहीतक सोडून द्यायचे.

१९३३ साली येर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी या रीतीला एक नवे परिमाण दिले. निर्णय कोणताही घ्या, चूक दोन प्रकारे होऊ शकते. गृहीतक खरे असताना ते फेटाळले जाईल, ही पहिल्या प्रकारची चूक. खोटे असताना ते तसेच राहू दिले जाईल, ही दुसऱ्या प्रकारची. नमुना तेवढाच ठेवून एक चूक कमी करू गेल्यास दुसरी वाढते. तेव्हा कोणती चूक अधिक महाग आहे हे आधी ठरवावे लागते आणि ते गणित सांगत नाही.

त्याच वर्षी एक मराठी तरुण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ सालचा, सातारा जिल्ह्यातील बुध या गावचा. पदवी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून. नेमन आणि पिअर्सन यांच्या सहवासात शिकून त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. भारतात परतल्यावर कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या उत्पादनाचा अंदाज नमुना-पाहणीने बांधण्याची पद्धत त्यांनी घडवली. १९५१ पासून जवळजवळ दोन दशके ते रोम येथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे काम पाहत होते. जगात भुकेलेले किती, हा प्रश्न त्यांच्या टेबलावर रोजचा होता. निवृत्तीनंतर ते पुण्यास आले.

इकडे १९७१ च्या जानेवारीत पुण्याच्याच गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. दरडोई दररोज २२५० कॅलरी देऊ शकेल इतका खर्च ही त्यांची दारिद्र्यरेषा. १९६०-६१ च्या आकडेवारीनुसार ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली होते. या आकड्यांनी देशभर खळबळ उडवली.

सुखात्म्यांचा आक्षेप मूलगामी होता. कॅलरींची गरज म्हणून जो आकडा सांगितला जातो तो सरासरीचा आकडा आहे. पूर्ण निरोगी समाजातही जवळपास निम्मी माणसे सरासरीपेक्षा कमी खाणारच. इतकेच नव्हे, तर एकाच माणसाचे सेवन आठवड्यागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेपर्यंत आपला खर्च त्याच्याशी जुळवून घेते. म्हणून एखाद्याला उपाशी म्हणायचे तर त्याचे सेवन माध्यापेक्षा निदान दोन प्रमाण विचलने खाली असावयास हवे. परीक्षणाच्या भाषेत सांगायचे तर ‘हा माणूस पुरेसे खातो’ हे त्यांचे गृहीतक होते आणि ते चुकून फेटाळले जाण्याची शक्यता त्यांनी दोन-अडीच टक्क्यांवर आणून ठेवली. या निकषाने उपाशी ठरणाऱ्यांची संख्या पुष्कळच घटली.

केवळ समजण्यासाठी काही काल्पनिक आकडे घेऊ. गरजेचे माध्य २४०० कॅलरी आणि प्रमाण विचलन ४०० आहे असे मानू. एक माणूस १७०० कॅलरी खातो. तो माध्यापासून पावणेदोन विचलने खाली आहे. सुखात्म्यांच्या कसोटीने त्याला उपाशी म्हणता येणार नाही. आता अशी शंभर माणसे घ्या ज्यांचे सरासरी सेवन २३०० आहे, म्हणजे फक्त शंभर कॅलरी कमी. येथे तुलना एकेका माणसाच्या नव्हे, तर शंभरांच्या माध्याच्या चढउताराशी करावयाची असते. तो ४०० ला शंभराच्या वर्गमुळाने भागून येतो, म्हणजे ४०. अंतर अडीच पट झाले. गृहीतक फेटाळले गेले. वेगवेगळे पाहिल्यास त्यांतील बहुतेक जण ‘ठीक’ ठरतील, आणि एकत्र पाहिल्यास तो समूह कमी खातो आहे हे निःसंशय असेल.

वादाचे मर्म मला येथे दिसते. सुखात्म्यांनी विचारलेला प्रश्न व्यक्तीविषयी होता आणि त्याचे त्यांनी दिलेले उत्तर तर्कशुद्ध होते. दांडेकरांना पडलेला प्रश्न समूहाविषयी होता. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी सुखात्म्यांचा सविस्तर प्रतिवाद केला. कमी सेवन हा निव्वळ योगायोगाचा चढउतार असता तर तो श्रीमंत आणि गरीब अशा दोन्ही घरांत सारखाच आढळला असता. तो गरिबांच्याच घरी साचतो, याचा अर्थ तेथे माध्यच खाली सरकलेले आहे. शरीर जुळवून घेते हे खरे, पण कशाच्या मोबदल्यात? कमी काम, कमी खेळणे, खुरटलेली वाढ यांची किंमत कोणी मोजावयाची? लहान चणीची माणसेही निरोगीच असतात, या डेव्हिड सेकलर यांच्या मताला पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी त्याच सुमारास केलेला विरोध याच जातीचा होता.

सुखात्म्यांवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नमूद करावी लागेल. भूक नाही असे त्यांनी कधीच म्हटले नाही. केवळ कॅलरी वाटून प्रश्न सुटणार नाही, स्वच्छ पाणी आणि आरोग्य यांच्याविना खाल्लेले अंगी लागत नाही, हा त्यांचा आग्रह होता. आणि आदिवासी पाड्यांतील जुलाब, हिवताप यांचा अनुभव असलेला कोणीही तो नाकारणार नाही. १९९५ मध्ये दांडेकर गेले, १९९७ मध्ये सुखात्मे.

वाद मात्र शिल्लक राहिला, तो अंगणवाडीतील वजनाच्या तक्त्यांवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार मध्यकापासून दोन प्रमाण विचलनांखाली वजन गेले की मूल कमी वजनाचे आणि तीन विचलनांखाली गेले की तीव्र कमी वजनाचे मानतात. ही सुखात्म्यांच्याच धाटणीची रेषा आहे आणि कोणत्या मुलाला आज आधी रुग्णालयात न्यायचे हे ठरवण्यास ती हवीच. पण सुदृढ मुलांच्या समाजात या पहिल्या रेषेखाली शंभरात दोन-तीनच मुले असतात. एखाद्या पाड्यावर ती तीस किंवा चाळीस निघाली, तर उरलेली साठ-सत्तर मुले सुरक्षित आहेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. त्यांचेही वजन जेवढे असावयास हवे होते त्याहून कमी असण्याचाच संभव अधिक. ती फक्त रेषेच्या वर राहिली आहेत. रेषेखालील मुलांची यादी करून थांबणारी योजना या मुलांना मोजतच नाही.

सरकारी तक्त्यावर आधी कोणते गृहीतक लिहिलेले असते, हे म्हणूनच विचारीत राहिले पाहिजे. ‘मूल ठीक आहे’ असे गृहीत धरून उलट सिद्ध करण्याचा भार मुलावर टाकला, तर चुकून दिलेला शिधा वाचतो. न दिलेला शिधा मात्र कोणत्याही हिशेबात येत नाही.