ओसायरिसची हत्या : इजिप्तने न लिहिलेली कथा

प्राचीन इजिप्तच्या देवदेवतांविषयी जी एक कथा जगभर ठाऊक आहे, ती ओसायरिसची. ओसायरिस हा इजिप्तचा आदिराजा. त्याने लोकांना शेती शिकविली, कायदे घालून दिले, देवांची पूजा कशी करावी हे सांगितले. त्याचा धाकटा भाऊ सेथ याला हे वैभव सहन होईना. त्याने ७२ साथीदारांशी संगनमत केले, ओसायरिसच्या अंगाचे माप चोरून घेतले आणि त्या मापाची एक सुंदर पेटी करविली. मेजवानी ऐन रंगात आली असताना त्याने जाहीर केले, की ही पेटी ज्याला नेमकी बसेल त्याची ती झाली. ओसायरिस आत निजला मात्र, कटवाल्यांनी झाकण घातले, खिळे ठोकले, वरून वितळलेले शिसे ओतले आणि पेटी नाईल नदीत सोडून दिली.

पेटी वाहत वाहत आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरील बिब्लॉस बंदराला लागली. तेथे एका झाडाने तिला आपल्या खोडात वेढून घेतले आणि त्या देशीच्या राजाने ते खोड तोडून महालाचा खांब केला. ओसायरिसची पत्नी आयसिस पतीचा शोध घेत तेथे पोहोचली, राजाच्या मुलाची दाई होऊन राहिली आणि अखेर खांबातून पेटी सोडवून परतली. परंतु सेथला ती पुन्हा सापडली. या खेपेस त्याने प्रेताचे १४ तुकडे करून ते चहूकडे फेकून दिले. आयसिसने ते एकेक करून शोधले. एक तेवढा नाईलमधील माशांनी गिळला होता.

ही कथा इतकी बांधेसूद आहे, की ती इजिप्तच्याच एखाद्या धर्मग्रंथात असावी असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती सलगपणे सांगितली आहे एका ग्रीक लेखकाने. प्लुटार्क हे त्याचे नाव. डेल्फी येथील अपोलोच्या देवस्थानाचा तो पुजारी होता. इ.स. १०० नंतरच्या काळात केव्हातरी त्याने आयसिस आणि ओसायरिस यांच्यावर एक प्रबंध लिहून तो क्लिया नावाच्या पुजारिणीला उद्देशून सादर केला. सेथला तो ‘टायफन’ या ग्रीक राक्षसाच्या नावाने ओळखतो. इजिप्तच्या पिरॅमिडांतील भिंतींवर ओसायरिसचे नाव पहिल्यांदा कोरले गेले, त्यानंतर सुमारे अडीच हजार वर्षांनी हे लिखाण झाले. मधल्या एवढ्या दीर्घ काळात खुद्द इजिप्शियनांनी ही हत्या आरंभापासून शेवटपर्यंत सांगितल्याचा एकही लेख उपलब्ध नाही.

देवकथा म्हटली, की मराठी वाचकाला पुराण आठवते. सूताने सांगावे, ऋषींनी नैमिषारण्यात बसून ऐकावे, कथेतून उपकथा निघावी. इजिप्तमध्ये असे पुराण नाही. देवांच्या हकिकती तेथे मंत्रांत, स्तोत्रांत, प्रेतविधींत, विंचवाच्या विषावरील उताऱ्यांत विखुरलेल्या आहेत. ज्याला मंत्र म्हणावयाचा त्याला कथा आधीच ठाऊक आहे, हे त्यांत गृहीत धरलेले असते. त्यामुळे आजच्या अभ्यासकाला एका ओळीतला संदर्भ दुसरीकडच्या स्तोत्राशी जुळवीत कथा बांधावी लागते. नावांचेही तसेच. ओसायरिस, आयसिस, होरस ही रूपे ग्रीकांची. इजिप्शियन लोक त्यांना उसिर, असेत, हेरू यांच्या जवळपासच्या उच्चारांनी हाका मारीत असावेत. त्यांच्या लिपीत स्वर लिहीत नसल्याने नेमका उच्चार सांगता येत नाही.

पण ओसायरिसच्या मृत्यूबाबतचे मौन केवळ या विखुरलेपणामुळे पडलेले नाही. ते जाणूनबुजून पाळलेले दिसते. कैरोजवळच्या सक्कारा येथील पिरॅमिडांत, इ.स.पूर्व सुमारे २३५० पासून, राजाच्या दफनकक्षाच्या भिंतींवर मंत्र कोरलेले आहेत. त्यांत ओसायरिस शेकडो वेळा येतो. सेथने त्याला भुईवर पाडले, एवढा उल्लेख येतो. देवांच्या न्यायसभेत सेथ ‘मी काहीच केले नाही’ म्हणतो आणि पुन्हा ‘त्यानेच आधी माझी कुरापत काढली’ असेही सांगतो. कोणत्याही काळातल्या आरोपीला साजेसाच हा बचाव आहे. मात्र वार कसा झाला, कशाने झाला, कोण साक्षी होते, यांबद्दल अक्षर नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आमेनमोसे नावाच्या अधिकाऱ्याचा एक शिलापट्ट आहे. इ.स.पूर्व पंधराव्या शतकाच्या सुमाराच्या या पट्टावर ओसायरिसचे जे स्तोत्र आहे, ते या कथेचे सर्वांत विस्तृत इजिप्शियन कथन मानले जाते. त्यात ओसायरिसचे वैभव आहे. मग एकदम आयसिस न थकता देशभर फिरते आहे, आपल्या पिसांनी सावली करते आहे, पंखांनी वारा घालते आहे. वैभव आणि शोध यांच्या मध्ये जे घडले, ते स्तोत्रकर्ता ओलांडून जातो.

अबिडॉस या तीर्थक्षेत्री दरवर्षी ओसायरिसचा उत्सव होई. इ.स.पूर्व एकोणिसाव्या शतकात राजा तिसरा सेनुस्रेत याने इखरनोफ्रेत या अधिकाऱ्याला तेथे पाठविले. त्याने उत्सवात काय काय केले, ते दगडावर नोंदवून ठेवले आहे. देवाची नौका सजविली, तिच्यावर चालून आलेल्या शत्रूंना पिटाळले, देवाला त्याच्या समाधीकडे नेले, विजयानंतर परत देवळात आणले. मिरवणूक समाधीकडे निघते तेव्हा देव मृत आहे, हे सर्वांना कळते. तो मेला कसा, हे लेखात नाही. इ.स.पूर्व पाचव्या शतकात इजिप्तला गेलेल्या हिरोडोटसने सैस येथील तळ्याकाठी रात्री होणारे असेच एक नाट्य पाहिले. ज्या देवाची विटंबना तेथे दाखविली जाते, त्याचे नाव उच्चारणे त्याने टाळले. इजिप्तचा हा रिवाज त्या परदेशी प्रवाशानेही पाळला.

या मौनाचे कारण इजिप्शियनांच्या लिपीविषयीच्या समजुतीत आहे. चित्रलिपीला ते ‘देवाचे शब्द’ म्हणत. कोरलेले चित्र केवळ चित्र राहत नाही, ते प्रत्यक्षात उतरू शकते, अशी त्यांची धारणा होती. याचा पुरावा सक्कारातच आहे. तेथील मंत्रांत सिंहासारखे प्राणी आणि माणसे दाखविणारी काही अक्षरचिन्हे मुद्दाम अर्धवट कोरलेली किंवा मधोमध छेदलेली आढळतात, म्हणजे दफनकक्षात ती जिवंत होऊन राजाला इजा करणार नाहीत. सूर्यदेव ‘रा’ याच्या नौकेवर रोज रात्री हल्ला करणारा अपेप नावाचा महासर्प चित्रात असतो तो सुऱ्या खुपसलेल्या अवस्थेतच. ज्या लोकांना सापाचे अक्षरसुद्धा असे बांधून ठेवावे लागत होते, त्यांनी देवहत्या दगडावर कोरली असती तर ती कायमची घडत राहिली असती.

शिवाय हा केवळ एका देवाचा प्रश्न नव्हता. मेलेला प्रत्येक राजा ओसायरिस होई आणि गादीवर बसलेला त्याचा वारस होरस. पुढे हा अधिकार सामान्यांपर्यंत आला. शवपेटीवर मृताच्या नावाआधी ‘ओसायरिस’ लिहिण्याची चाल पडली. घरातल्या मृत वडिलांच्या शवपेटीत त्यांच्या खुनाचे वर्णन कोण लिहील? तेथे पाहिजे होते ते पुढचे: प्रेत सापडले, अवयव जुळले, मुलगा गादीवर बसला. म्हणून या भागांविषयी इजिप्शियन लेखक हात आखडता घेत नाहीत. तुकड्यांची संख्याही त्यांच्याकडे एकच नाही. काही याद्यांत ती देशाच्या प्रांतांइतकी, म्हणजे ४२ आहे, आणि प्रत्येक प्रांताला आपापल्या देवळात देवाचा एक अवयव असल्याचा मान आहे. नाईलचा पूर ओसरून पेरण्या सुरू होत, त्या खोईआक महिन्यात माती आणि धान्य कालवून ओसायरिसची मूर्ती घडवीत आणि तिला अंकुर फुटू देत. तुतनखामेनच्या १९२२ मध्ये सापडलेल्या थडग्यातही ओसायरिसच्या आकाराचा असा एक वाफा होता.

खून वगळला, तर त्याचा खटला मात्र इजिप्शियनांनी मोकळेपणी, किंबहुना चवीने सांगितला. पाचव्या रामेसिसच्या कारकिर्दीतील, म्हणजे इ.स.पूर्व बाराव्या शतकातील एका पपायरसवर होरस आणि सेथ यांच्या वारसाहक्काच्या तंट्याची दीर्घ कथा आहे. हा पपायरस आता डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात असून १९३१ मध्ये ॲलन गार्डिनर यांनी तो प्रसिद्ध केला. त्याच गुंडाळीवर प्रेमगीतेही आहेत. तेव्हा ही देवळातली पोथी नव्हे, रंजनासाठी वाचण्याची चीज असावी.

खटला ८० वर्षे चालला आहे. देवसभेतील बहुतेकांचा कल होरसकडे, पण अध्यक्ष ‘रा’ला बलदंड सेथ हवा. एका देवाने त्याला ‘तुझे देऊळ ओस पडले आहे’ असा टोमणा मारताच ‘रा’ रुसून मांडवात उताणा पडून राहतो. त्याची कन्या हॅथोर त्याच्यासमोर वस्त्र वर करून त्याला हसविते, तेव्हा कुठे कामकाज पुन्हा सुरू होते. सेथच्या हट्टामुळे सभा एका बेटावर हलविली जाते आणि आयसिससारख्या दिसणाऱ्या कोणत्याही बाईला पैलतीरी आणावयाचे नाही, असा नावाड्याला हुकूम होतो. आयसिस म्हातारीचे रूप घेऊन त्याला भाकरी देऊ करते. तो नाकारतो. मग ती सोन्याची अंगठी काढते आणि नाव लगेच निघते.

बेटावर ती तरुणी होऊन सेथपुढे येते आणि गाऱ्हाणे मांडते : माझा नवरा गुराखी होता, तो वारला, आता एक परका इसम माझ्या मुलाला हाकलून गुरे बळकावू पाहतो आहे. सेथ संतापून विचारतो, की मुलगा हयात असताना गुरे परक्याला कशी मिळतील? आयसिस घार होऊन बाभळीवर जाऊन बसते आणि म्हणते, तुझ्याच तोंडाने निवाडा झाला. यातली मेख भाषेत आहे. इजिप्शियन भाषेत ‘गुरे’ आणि ‘राजपद’ यांसाठीचे शब्द उच्चाराने सारखे होते. नावाड्याच्या पायाची बोटे या लाचखोरीपायी कापली जातात. अखेर ओसायरिस पाताळातून पत्र धाडतो, की माझ्याकडे कोणत्याही देवाला न भिणारे दूत आहेत, ते पाठवू का? हे वाचताच सभेचा निकाल होरसच्या बाजूने लागतो.

सेथला देहदंड होत नाही, हे विशेष. ‘रा’ त्याला आपल्याजवळ ठेवून घेतो, आकाशात गर्जना करण्यासाठी. कारण रात्रीच्या प्रवासात सूर्याच्या नौकेच्या अग्रभागी उभा राहून अपेपला भाल्याने रोखण्याची ताकद त्याच्यातच होती. त्याच्या नावावरून ‘सेटी’ म्हणविणारे राजे झाले. पहिल्या सेटीने इ.स.पूर्व १२९० नंतर अबिडॉसला ओसायरिसचे भव्य मंदिर उभारले, पण खुनी दिराचे चिन्ह आयसिसच्या नवऱ्यासमोर कसे कोरावे, ही अडचण आली. मंदिरात राजाचे नाव लिहिताना सेथच्या प्राणिचिन्हाऐवजी दुसरे चिन्ह योजून ती सोडविण्यात आली. पुढे परकीयांची आक्रमणे झाल्यावर सेथ हा परक्यांचा देव म्हणून निंदेस पात्र ठरला. ग्रीक टॉलेमी राजांच्या काळात बांधलेल्या एडफूच्या मंदिरात होरस त्याला एकामागून एक दहा भाले मारतो, ते सगळे भिंतीवर सविस्तर कोरले आहे. तेथे सेथ पाणघोड्याच्या रूपात आहे, पण इवलासा. शेवटी पाणघोड्याच्या आकाराची पोळी कापून वाटली जाई. ओसायरिसवरचा एक वार न लिहिणाऱ्यांनी सेथवरचे दहा वार असे दगडात घातले.

सामान्य घरांत या देवकथेचा उपयोग निराळाच होता. दलदलीत लपवून वाढविलेल्या बाळ होरसला विंचू चावतो, आयसिसच्या आक्रोशाने सूर्याची नौका जागीच थांबते आणि थॉथ हा ज्ञानदेव उतरून विष उतरवितो. ही हकिकत ज्या शिलापट्टांवर आहे, त्यांच्यावरून पाणी ओतून ते चावा बसलेल्याला पाजीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील मेटर्निख पट्ट हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध, इ.स.पूर्व चौथ्या शतकातला. त्यावर आणखी एक कथा आहे. सात विंचवांसह आलेल्या आयसिसला पाहून एक श्रीमंत बाई दार लावून घेते, तर दलदलीतली एक गरीब मुलगी आपले दार उघडते. विंचू त्या श्रीमंत बाईच्या मुलाला दंश करतो. आयसिस मात्र त्या मुलालाही वाचविते. ओसायरिसपेक्षा आयसिस अधिक दूरवर गेली, याचे कारण अशा कथांत शोधावे लागेल. पॉम्पेई येथे तिचे देऊळ होते. भारताच्या मिऱ्यांचा व्यापार जेथून चाले, त्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदरातही ते होते. तेथील प्रांगणात २०२२ मध्ये बुद्धाची एक संगमरवरी मूर्ती सापडली.

तिचे शेवटचे मोठे ठाणे आस्वानजवळचे फिली बेट. शेजारच्या बिगा बेटावर ओसायरिसची समाधी मानली जाई. तेथे मोठ्याने बोलण्यास मनाई होती. दर दहा दिवसांनी आयसिसची मूर्ती नावेतून तेथे जाई आणि दुधाचा अर्घ्य दिला जाई. चित्रलिपीतला ज्ञात असलेला शेवटचा लेख फिलीच्याच भिंतीवर आहे, २४ ऑगस्ट ३९४ या दिवसाचा. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने ते देऊळ बंद केले. लिपी वाचणारा कोणी उरला नाही आणि चौदा शतके प्लुटार्कचाच शब्द अखेरचा मानला गेला. १८२२ मध्ये शाँपोलियाँने लिपी उलगडली. १८८०-८१ मध्ये मास्पेरो सक्काराच्या पिरॅमिडांत शिरला, तेव्हा तेथील मंत्रांत ना मेजवानी होती, ना ७२ कटवाले. नेदित नावाच्या ठिकाणी कुशीवर पडलेला एक राजा होता आणि त्याला शोधीत आलेल्या दोन बहिणी, आयसिस आणि नेफ्थिस.