सेलेरॉन ३००ए आणि शेवटची पंगत

"पन्नास हजारांत गेमिंगचा पीसी बसवायचाय, तोच टीव्हीला जोडून पिक्चरपण बघायचेत, काय काय घेऊ?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. आयटीत आहे म्हणजे याला हार्डवेअर कळणारच, हा आपल्याकडचा जुना समज. (मी दिवसभर जावा लिहितो, सोल्डरिंग गन कॉलेजनंतर हातात धरलेली नाही, पण ते असो.) पार्टची यादी देऊन टाकणं सोपं आहे, पण यादी तीन महिन्यांत शिळी होते. म्हणून या वीकेंडला यादीऐवजी थोडा इतिहास. तो शिळा होत नाही, आणि माझ्या मते खरेदीला जास्त उपयोगी पडतो.

मुळात पार्ट "निवडता" येतात हेच नवल आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पहिला पीसी काढला तो बाजारात मिळणारे पार्ट जोडून. प्रोसेसर इंटेलचा, डॉस मायक्रोसॉफ्टची. वर सर्किटचे नकाशे आणि बायॉसचा कोड छापलेलं मॅन्युअलही विकायला ठेवलं! आयबीएमचं खास स्वतःचं म्हणावं असं एक बायॉसच होतं. कॉम्पॅकने ते कॉपी न करता नव्याने लिहिलं आणि १९८३ मध्ये स्वतःचे पीसी विकायला सुरुवात केली. मग फिनिक्स नावाच्या कंपनीने तसंच बायॉस लिहून ज्याला हवं त्याला विकलं. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवून दिलं, स्क्रूची भोकं कुठे असावीत इथपासून. तेव्हापासून एकाचं कॅबिनेट, दुसऱ्याचा मदरबोर्ड आणि तिसऱ्याचं एसएमपीएस हा संसार सुखाने चाललाय.

आपल्याकडे नोव्हेंबर १९८४ च्या कॉम्प्युटर धोरणाने आयातीचे नियम सैल झाले. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि करारातल्या वस्तूंवरची आयात ड्युटी २००५ पर्यंत शून्यावर आली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड (कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग) आणि दिल्लीचं नेहरू प्लेस यांची भरभराट या काळातली. "असेम्बल्ड" हा शब्द मध्यमवर्गीय मराठीत तेव्हाच घुसला. ब्रँडेड पीसी परवडायचा नाही, असेम्बल्ड परवडायचा. कितीतरी घरांत पहिला कॉम्प्युटर आला तो असा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १९९७ च्या सुमारास अमेरिकेत हजार डॉलरच्या आतले पीसी धडाधड विकायला लागले आणि त्यात एएमडी आणि सायरिक्स यांच्या स्वस्त चिप्स असायच्या. इंटेलला तिथे उतरायचं होतं, पण पेन्टियम २ चा भाव तर पाडायचा नव्हता. मग एप्रिल १९९८ मध्ये त्यांनी पेन्टियम २ मधली एल२ कॅश सरळ काढून टाकली आणि उरलेलं "सेलेरॉन" नावाने विकलं. ते इतकं रडत चालायचं की सगळ्यांनी नावं ठेवली.

म्हणून २४ ऑगस्ट १९९८ ला आला सेलेरॉन ३००ए. यात १२८ केबी कॅश होती. पेन्टियम २ मध्ये ५१२ केबी होती, पण ती वेगळ्या चिप्समध्ये आणि प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चालणारी. सेलेरॉनची कॅश लहान, पण प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर आणि पूर्ण वेगाची. घाऊक किंमत १४९ डॉलर. त्याच दिवशी आलेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेन्टियम २ ची किंमत ६६९ डॉलर.

आता गणित बघा. सेलेरॉनचा मल्टिप्लायर ४.५ वर लॉक होता. बस ६६ मेगाहर्ट्झची, म्हणून ३००. पण ४४०बीएक्स चिपसेटचे मदरबोर्ड १०० मेगाहर्ट्झची बस द्यायचे. १०० गुणिले ४.५ किती? ४५०! अबिटच्या बीएच६ सारख्या बोर्डवर बायॉसमध्ये जाऊन आकडा बदलायचा, बस्स. काही जण तर चिपच्या एका पिनवर चिकटपट्टी लावून बोर्डला गंडवायचे. सगळ्याच नाही, पण बऱ्याचशा चिप्स ४५० वर निवांत चालायच्या आणि गेम्समध्ये चौपटीहून महाग पेन्टियमच्या जवळपास पोचायच्या.

हे शक्य का झालं? कारण चिप कारखान्यात एकेक वेगळी बनत नाही. एका वेफरवर शेकडो चिप्स एकदम बनतात. काही फार वेगात चालतात, काही कमी, काहींचा एखादा कोपरा बिघडलेला असतो. मग त्यांची प्रतवारी होते, हापूसच्या पेट्यांसारखी. पण गिऱ्हाईक काही पहिल्या प्रतीलाच मागत नाही, स्वस्तातलं मागणारे जास्त. पहिल्या प्रतीचा माल भरपूर निघाला की त्यातल्याच काहीवर खालच्या प्रतीचं लेबल लागतं. बजेटवाल्यासाठी म्हणून वेगळा स्वयंपाक सहसा होत नाही. तो शेवटच्या पंगतीला बसतो, आणि आधीच्या पंगतीचं उरलेलं त्याच्या पानात येतं. कधी कधी त्या उरलेल्यात अख्खं श्रीखंड असतं :-)

पुढची दहा-बारा वर्षं हे श्रीखंड शोधण्यात गेली. २००० मध्ये एएमडीच्या ड्यूरॉन आणि अ‍ॅथलॉनवरचे छोटे ठिपके साध्या पेन्सिलीने जोडले की मल्टिप्लायर मोकळा व्हायचा. शिशाच्या पेन्सिलीतलं ग्राफाइट वीज वाहून नेतं हे शाळेतलं ज्ञान इथे कामी आलं. २००२ च्या रेडिऑन ९५०० मध्ये महागड्या ९७०० चीच चिप होती, फक्त आठपैकी चार पाइपलाइन बंद. ड्रायव्हरमध्ये खाडाखुडी करून काहींच्या त्या चालू व्हायच्या. काहींच्या स्क्रीनवर बुद्धिबळाचा पट उमटायचा, म्हणजे त्या खरोखरच बिघडलेल्या होत्या. २००९ मध्ये दोन कोअरच्या फेनम २ चे चार कोअर करून घेणारेही होते. पैसा कमी असेल तर त्याची भरपाई वाचनाने करता येते, हे त्या पिढीने सिद्ध केलं. मला हा सगळा इतिहास त्यासाठीच आवडतो.

पण कंपन्या काय डोळे मिटून बसणार? २०१० मध्ये इंटेलने कमाल केली. पेन्टियम जी६९५१ नावाचा प्रोसेसर घ्यायचा आणि वर ५० डॉलरचं एक कार्ड. कार्ड खरवडून मिळालेला कोड टाकला की चिपमध्ये आधीपासून असलेली कॅश आणि हायपरथ्रेडिंग चालू. अगदी आपलं मोबाइलचं रिचार्ज कुपन! ते फार चाललं नाही, २०११ मध्ये बंद केलं. पण त्याच वर्षीच्या सँडी ब्रिजपासून इंटेलवर बस वाढवून ओव्हरक्लॉक करणं जवळपास संपलं. ज्याला करायचंय त्याने नावात "के" असलेली महाग चिप घ्यावी. आणि आता बहुतेक चिप्स टर्बोने स्वतःच जमेल तेवढ्या वेगात पळतात, आपल्यासाठी मागे फारसं काही ठेवत नाहीत.

श्रीखंड संपलं, पण फसवणुकीचा धोका तसाच राहिला. फेब्रुवारी २००२ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स ४ नावाने दोन घराणी आणली, टीआय आणि एमएक्स. नाव एकच, पण एमएक्सच्या आत जवळपास जुनी जीफोर्स २, पिक्सेल शेडर नाहीतच. त्याच्या आधीच्या वर्षीच्या जीफोर्स ३ मध्ये ते होते! २००३ मध्ये "प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम" आला तेव्हा एमएक्सवाल्यांना तो चालवताच येईना. वीस वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये, एएमडीने हाच प्रयोग केला. १९९ डॉलरच्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटीला पीसीआय एक्स्प्रेसच्या चारच लेन, म्हणजे जुन्या बोर्डवर टाकलं की वेग आणखी घसरणार. व्हिडिओ एन्कोडर नाही, एव्ही१ चा डीकोडर नाही. टीव्हीला जोडायच्या पीसीत असं कार्ड घालणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं.

टीव्हीवरून आठवलं. २००६ मध्ये ब्लू-रे आली तेव्हा १०८०पी चा एच.२६४ व्हिडिओ नुसत्या प्रोसेसरच्या जिवावर चालवायचा तर चांगला ड्युअल कोअर घामाघूम व्हायचा. मार्च २००८ मध्ये एएमडीचा ७८०जी चिपसेट आला. डीकोडर त्यातच, त्यामुळे वेगळ्या कार्डाशिवाय साध्या अ‍ॅथलॉनवर पिक्चर गुळगुळीत चालायला लागला. चार वर्षांनी ३५ डॉलरच्या रास्पबेरी पायने तेच करून दाखवलं. २०१३ मध्ये क्रोमकास्ट आलं, आणि विंडोज १० मधून मीडिया सेंटर गेलंच. होम थिएटर पीसीची अर्धी विद्या अशी एका काडीत मावली. आज गेमिंगचा पीसी टीव्हीला जोडायचा तर बघायचं एवढंच की डीकोडर आहे ना आणि पंख्याचा आवाज सोफ्यापर्यंत येत नाही ना.

मग आता बजेटवाल्यासमोरचं खरं संकट कुठलं? पंगतच बदललीय. फेब्रुवारी २०२१ मध्ये आरटीएक्स ३०६० आलं ३२९ डॉलरचं म्हणून, पण ती किंमत कागदावरच राहिली. क्रिप्टोवाले ढिगाने कार्डं उचलत होते. एनव्हिडियाने त्या कार्डात इथेरियम मायनिंगचा वेग मुद्दाम निम्मा केला होता, तरीही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंगच बंद झालं आणि जरा श्वास घेता आला. मग एआय आलं. २०२५ च्या उत्तरार्धात डेटा सेंटरच्या मागणीपायी रॅमचे भाव कडाडले आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशल हा घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. १९९८ मध्ये आपण इंटेलच्या दृष्टीने किरकोळ का होईना, पण गिऱ्हाईक होतो. आपल्यासाठी एएमडीशी भांडण चाललं होतं, म्हणून तर ३००ए जन्माला आला. आता कारखान्याला वेफर कोणासाठी वापरायचा हे ठरवायचं असतं, आणि तिथे आपला नंबर फार मागे लागतो.

तेव्हा मंडळी, इतिहासातून खिशापुरतं काय घ्यायचं ते सांगतो. स्वस्त पार्ट दिसला की "याचे मार्क किती" याच्या आधी "यात बंद काय केलंय" हे विचारा. वेग बंद केला असेल तर बिनधास्त घ्या, सेटिंग खाली आणून गेम चालतो. सोय बंद केली असेल (शेडर, लेन, डीकोडर) तर सोडून द्या, कारण ती नंतर कुठल्याच ड्रायव्हरने येत नाही. एक-दोन पिढ्या जुनं पण धडधाकट कार्ड, नव्या नावाच्या पांगळ्या कार्डापेक्षा बरं. आणि कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसच्या "४५० वॅट" वर जाऊ नका, स्टिकरवर १२ व्होल्टच्या रेषेवर किती अँपिअर लिहिलेत ते बघून १२ ने गुणा. येणारा आकडा ४५० च्या आसपास नसेल, तर दुकानदाराला नम्रपणे दुसरं दाखवायला सांगा.