ऐतिहासिक चित्रातील घंटा : मातेयको यांचे ‘झिग्मुंट घंटा’

चर्चची घंटा भाविकांना प्रार्थनेस पाचारण करते, मृत्यूची वार्ता देते आणि पवित्र गुरुवारच्या गौरवगीतानंतर पास्काच्या जागरणविधीपर्यंत मौन पाळते. पूर्वी बिशप नव्या घंटेला आशीर्वादित जलाने स्नान घालीत, पवित्र तेलाने तिचा अभ्यंग करीत. म्हणून लोक या विधीला घंटेचा ‘बाप्तिस्मा’च म्हणत. ऐतिहासिक चित्रात घंटा येते ती हा सारा अर्थ घेऊन. यान मातेयको (१८३८–१८९३) या पोलिश चित्रकाराने १८७४ साली रंगविलेले चित्र हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे, असे आम्हांस वाटते.

राजा पहिला झिग्मुंट याने न्यूरेंबर्गच्या हान्स बेहाम या कारागिराकडून १५२० साली क्राकुव येथे ही घंटा ओतवून घेतली. जुलै १५२१ मध्ये ती वावेल कॅथीड्रलच्या मनोऱ्यात चढविण्यात आली. लोलक व जोडणी धरून तिचे वजन सुमारे साडेबारा टन भरते. ओबेर्तिनच्या लढाईत जिंकलेल्या तोफा वितळवून ती घडविली, अशी आख्यायिका आहे. ती लढाई मात्र १५३१ सालची. तोवर घंटा दहा वर्षे वाजत होती!

मातेयको यांनी घंटानाद रंगविला नाही. त्यांनी निवडला तो त्याआधीचा क्षण. दोरखंडांना लटकलेली अजस्र घंटा, श्रमणारे कामगार, राजा व राणी बोना, आशीर्वाद देणारे बिशप. घंटा अजून मुकी आहे. चित्र रंगविले गेले तेव्हा पोलंडही मुका होता : १७९५ पासून रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता आणि क्राकुव ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होते. राष्ट्र नकाशावरून पुसले गेले, परंतु वावेलची घंटा जागेवरच होती. प्रेक्षकांना ही व्यथा सांगावी लागली नसेल. गर्दीत स्तांचिक हा राजविदूषकही आहे. १८६२ च्या एका चित्रात मातेयको यांनी त्याला, दरबार नृत्यात दंग असताना, राज्यावरील संकटाने एकटाच खिन्न झालेला दाखविले होते. ऐन उत्सवात त्याला आणून बसविणे हा योगायोग नव्हे.

पोलंड १९१८ साली पुन्हा स्वतंत्र झाला. याच कॅथीड्रलच्या तळघरातील वेदीवर २ नोव्हेंबर १९४६ रोजी फादर कारोल वोयतिवा यांनी पहिली मिस्सा अर्पण केली, २८ सप्टेंबर १९५८ रोजी येथेच त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. आणि एप्रिल २००५ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल म्हणून ते निवर्तले, तेव्हा हीच घंटा वाजली. २००० सालच्या नाताळात तिचा जुना लोलक तुटला होता. तो एप्रिल २००१ मध्ये बदलण्यात आला. मूळ चित्र वॉर्सा येथील राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात आहे. घंटा मात्र आजही यंत्राविना, डझनभर माणसे दोर ओढूनच वाजवतात.