पेपर ऐकू नका, वही ऐका: 'कॅन'चे आडबाजूचे अल्बम आणि थोडं आडवाटेचं वाचन

'एक्स्पेरिमेंटल रॉक' हा शब्द ऐकला की विज्ञान शिकलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो: यात एक्स्पेरिमेंट कुठाय? ना कंट्रोल, ना हायपोथिसिस. अमेरिकन संगीतकार जॉन केज याने 'सायलेन्स' (१९६१) या पुस्तकात याचं साधं उत्तर दिलंय. ज्या कृतीचा परिणाम आधी ठाऊक नसतो, ती प्रायोगिक. मराठीत तर हे आणखी सोपं आहे. आपल्याकडे लॅबमध्ये होतो तोही प्रयोग आणि नाटकाचा होतो तोही प्रयोग. नाटकवाले आपल्या प्रयोगांना नंबरही देतात. ही नंबरची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आज सांगायचंय ते 'कॅन' या जर्मन बँडबद्दल, आणि खरं तर त्यांच्या फारशा न ऐकलेल्या अल्बमबद्दल. रिसर्चला येऊ पाहणाऱ्यांनी हे का वाचावं? कारण प्रसिद्ध झालेलं काम आणि प्रत्यक्षात केलेलं काम यांच्यात किती अंतर असतं, हे इथे चक्क कानांनी ऐकू येतं.

आधी थोडा इतिहास. १९६८ साली कोलोन शहरात हा बँड सुरू झाला. बास वाजवणारा होल्गर चुकाय आणि कीबोर्डवाला इरमिन श्मिट हे दोघे स्टॉकहाउझेन या आधुनिक संगीतातल्या मोठ्या नावाकडे शिकलेले. ड्रमर याकी लीबेत्साइट फ्री जॅझमधून आलेला. गिटारवाला मिशाएल कारोली वयाने सगळ्यांत लहान, चुकायचा विद्यार्थी. पहिला गायक माल्कम मूनी हा अमेरिकन, मूळचा शिल्पकार. तो परत गेल्यावर १९७० मध्ये म्युनिकच्या रस्त्यावर गाणारा दामो सुझुकी हा जपानी तरुण त्यांना भेटला आणि त्याच संध्याकाळी त्यांच्यासोबत स्टेजवर उभा राहिला.

त्यांची कामाची पद्धत बघा. गाणं आधी लिहायचं नाही. सगळ्यांनी एकत्र बसून तासन्‌तास वाजवायचं आणि टेप चालू ठेवायची. मग चुकाय टेप ऐकून, कापून, जोडून त्यातून अल्बम तयार करायचा. सुरुवातीची कित्येक वर्षं रेकॉर्डिंग फक्त दोन ट्रॅकवर होत होतं. १९७१ नंतरचा त्यांचा स्टुडिओ म्हणजे कोलोनजवळच्या वाइलर्सविस्ट गावातलं एक जुनं सिनेमा थिएटर. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लष्करी गाद्या लावलेल्या. 'टागो मागो' (१९७१), 'एगे बाम्यासी' (१९७२) आणि 'फ्यूचर डेज' (१९७३) हे गाजलेले अल्बम याच काळातले, याच पद्धतीचे. आपल्या भाषेत सांगायचं तर टेप ही लॅबची वही आणि अल्बम हा पेपर.

आता आडबाजूचे तीन अल्बम घेऊ.

पहिला, 'डिले १९६८'. बँडचा खरा पहिला अल्बम हाच व्हायचा होता, पण तेव्हा कुठल्याही कंपनीने घेतला नाही. मग त्यांनी दुसरं काम केलं आणि १९६९ मध्ये 'मॉन्स्टर मूव्ही' हा पहिला अल्बम म्हणून बाहेर आला. नाकारलेलं साहित्य बाहेर यायला १९८१ उजाडलं. प्रकाशनाच्या तारखा लावून इतिहास लिहायला बसलात तर इथे सरळ फसाल. क्रम प्रकाशनाचा वेगळा आणि कामाचा वेगळा. कुठल्याही विषयाचा लिटरेचर रिव्ह्यू करताना हे डोक्यात असू द्या.

दुसरा, 'अनलिमिटेड एडिशन' (१९७६). १९७४ च्या 'लिमिटेड एडिशन'चं हे वाढवलेलं रूप. यात काही तुकड्यांना नाव असं नाहीच, फक्त 'ई. एफ. एस.' आणि पुढे नंबर: ७, ८, १०, २७, ३६. पूर्ण अर्थ 'एथ्नॉलॉजिकल फोर्जरी सिरीज', म्हणजे जगभरच्या लोकसंगीताच्या नकलांची मालिका. आता या नंबरांकडे संशोधकाच्या नजरेने बघा. मधले आकडे कुठे गेले? मालिकेतली रिकामी जागा हाही पुरावाच असतो. दुसरी गोष्ट म्हणजे 'ही नक्कल आहे' हे त्यांनी लेबलवरच लिहिलंय. प्रामाणिकपणाच म्हणायचा. तरी नक्कल नेमकी कोणाची, आणि त्या मूळ लोकांना याबद्दल काय वाटलं असतं, हे प्रश्न उरतातच. ते विचारायला संकोचू नका.

तिसरा, 'द लॉस्ट टेप्स' (२०१२). वाइलर्सविस्टचा स्टुडिओ ग्रोनाउ इथल्या रॉक-पॉप संग्रहालयाकडे गेला तेव्हा जुन्या टेपांचा साठा हाती लागला. ३० तासांहून जास्त संगीत. त्यातून निवडून तीन सीडी निघाल्या. म्हणजे ही 'वही'सुद्धा जशीच्या तशी आपल्यापर्यंत आलेली नाही. तीही कोणीतरी निवडून, कापूनच दिलीय. अर्काइव्हमध्ये काम करणाऱ्याने हे कधीच विसरू नये.

याच्या जोडीला तीन गोष्टी वाचा. एक, मायकेल नायमन यांचं 'एक्स्पेरिमेंटल म्युझिक' (१९७४). संगीतातलं 'प्रायोगिक' म्हणजे काय, हे नीट कळतं. दोन, पीटर मेडावार यांचं १९६३ चं बीबीसीवरचं भाषण. नोबेल मिळालेला हा शास्त्रज्ञ सरळ विचारतो, की शोधनिबंध ही फसवणूक आहे का? आकडे खोटे असतात असं त्याचं म्हणणं नाही. विचार जसा घडला तसा पेपरमध्ये दिसत नाही, ही त्याची तक्रार आहे. तीन, इतिहासकार जेराल्ड होल्टन यांचा रॉबर्ट मिलिकनवरचा १९७८ चा लेख. मिलिकनच्या १९१३ च्या पेपरमध्ये तेलाच्या ५८ थेंबांची मोजमापं आहेत आणि प्रयोग केलेले सगळे थेंब हेच, असा दावाही आहे. वह्यांमध्ये मात्र शंभराहून बरेच जास्त थेंब सापडले. पुढे अॅलन फ्रँकलिन यांनी गाळलेले थेंब धरून पुन्हा हिशेब केला, तर इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराचं उत्तर फारसं बदललं नाही.

मग बिघडलं काय? उत्तर नाही बिघडलं, दावा बिघडला. निवड करणं गुन्हा नाही. चुकायनेही निवडच केली, आणि ती केली नसती तर 'टागो मागो' कोणी शेवटपर्यंत ऐकला नसता. पण चुकायने 'आम्ही वाजवलं ते एवढंच' असं कुठे म्हटलं नाही. विज्ञानात आपण मोजमापाबद्दल बोलत असतो, त्यामुळे काय गाळलं आणि का गाळलं हे सांगणं आपल्याला बांधील आहे.

तेव्हा पीएचडीला लागण्याआधीच सवय लावून घ्या. प्रत्येक रनला नंबर द्या, फसलेल्यालाही. तारीख प्रयोगाची वेगळी लिहा, लिहून काढल्याची वेगळी. वगळलेल्या डेटासमोर त्याच दिवशी कारण लिहा, कारण सहा महिन्यांनी आठवतं ते कारण बहुतेक वेळा सोयीचं असतं. आणि रात्री डेटा ॲनालिसिस चालू असताना ते ई. एफ. एस. वाले तुकडे लावून बघा. ७, ८, १०... आणि ९ कुठे गेला, हा प्रश्न तुमच्या स्वतःच्या वहीलाही विचारा.