मेलाटोनिन : अंधारात तयार होणारे औषध?

झोपेचे संप्रेरक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेलाटोनिनचा शोध झोपेच्या अभ्यासातून लागला नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ आरोन लर्नर कोडावर उपाय शोधत होते. मेंदूतील पिनियल ग्रंथीच्या अर्काने बेडकाच्या पिलांची त्वचा फिकट होते, हे १९१७ पासून माहीत होते. गुरांच्या ग्रंथी गोळा करून लर्नर यांनी १९५८ मध्ये त्या अर्कातील नेमका पदार्थ वेगळा केला. तो कोडावरचे औषध ठरला नाही. पण ही ग्रंथी अंधार पडल्यावरच तो पदार्थ भरपूर तयार करते, हे पुढे लक्षात आले. रात्रीचा प्रखर प्रकाश माणसात ही निर्मिती रोखतो, हे १९८० मध्ये आल्फ्रेड लुई यांनी दाखवले.

मग प्रश्न उभा राहिला : विजेच्या दिव्यांनी रात्र उजळली, त्याची किंमत शरीर मोजत असेल का? रिचर्ड स्टीव्हन्स यांनी १९८७ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचा संबंध रात्रीच्या प्रकाशाशी असू शकतो, अशी शक्यता मांडली. २००१ मध्ये सुमारे ७८ हजार अमेरिकी परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३० किंवा अधिक वर्षे फिरती रात्रपाळी केलेल्यांमध्ये या कर्करोगाचे प्रमाण ३६ टक्के जास्त आढळले.

२००५ मध्ये डेव्हिड ब्लास्क यांनी एक विलक्षण प्रयोग केला. उंदरांच्या शरीरात वाढवलेल्या मानवी स्तनाच्या गाठींमधून त्यांनी स्त्रियांचे रक्त खेळवले. अंधाऱ्या रात्री घेतलेल्या रक्ताने गाठींची वाढ मंदावली. दिवसा घेतलेल्या किंवा रात्री प्रखर प्रकाशात बसवून घेतलेल्या रक्ताने तसे झाले नाही.

२००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने शरीराचे घड्याळ बिघडवणारी पाळीची कामे 'बहुधा कर्करोगकारक' ठरवली. लवकरच डेन्मार्कने अनेक वर्षे रात्रपाळी केलेल्या सुमारे ४० कर्करोगग्रस्त महिलांना नुकसानभरपाई दिली. प्रयोगशाळेतला निष्कर्ष कामगारांच्या हक्कापर्यंत पोहोचला.

मात्र सगळे पुरावे एकाच दिशेने जात नाहीत. २०१६ मध्ये ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासांत रात्रपाळी आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही. गोळ्यांबाबतही निराशा आली. कॅनडात फुफ्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ७०९ रुग्णांची चाचणी झाली. काहींना वर्षभर रोज रात्री २० मिलिग्रॅम मेलाटोनिन दिले, इतरांना नकली गोळी. २०२१ मध्ये निकाल आला : दोन वर्षांनंतर रोग न परतण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक नव्हता.

म्हणूनच 'झोपेच्या गोळीने कर्करोग बरा होतो' असा संदेश मोबाईलवर आला, तर त्यावर विसंबून कोणी उपचार सोडू नयेत. गोळी घ्यायचीच असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आणि जगाची रात्र सांभाळणाऱ्या परिचारिका, पहारेकरी, गिरणी कामगार यांच्या झोपेचा विचार मात्र औषध सापडेपर्यंत थांबवण्याचे कारण नाही.