रोवणीचा न्याय: ‘परम’पासून आर्मपर्यंत

१/ गोंदियाच्या धानबांधीत रोवणी एकट्या बलदंडाकडून होत नाही. ओळीने वाकलेले अनेक हात ती उरकतात. संगणकाच्या इतिहासातही हाच न्याय दोनदा खरा ठरला.

२/ १९८०च्या दशकात अमेरिकेने भारताला अत्याधुनिक क्रे महासंगणक नाकारला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. विजय भटकर या वैदर्भीय अभियंत्याच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकारला: एका महाकाय प्रोसेसरऐवजी ट्रान्सप्युटर नावाच्या लहान ब्रिटिश चिपांची जोडणी.

३/ आर्म चिपही ब्रिटिशच. जन्म केंब्रिज, १९८५. आज्ञा मोजक्या, वीज अत्यल्प. मोबाइलमध्ये रुजलेली ही रचना २०१८ मध्ये ॲमेझॉनच्या ‘ग्रॅव्हिटन’द्वारे क्लाउडमध्ये आली; दुसऱ्या पिढीत एका चिपवर ६४ कोअर होते. इंटेल सर्व्हरवर बहुधा दोन आभासी प्रोसेसर एकच कोअर वाटून घेतात; येथे प्रत्येकास स्वतंत्र कोअर. म्हणून भार वाढला तरी वेग फारसा ढळत नाही.

४/ मात्र हात वाढले की कामाची वाटणी नव्याने करावी लागते. ‘परम’साठी प्रोग्राम समांतर पद्धतीने लिहावे लागले, आर्मसाठी जुने सॉफ्टवेअर पुन्हा कंपाइल करून तपासावे लागते. ही मेहनत टाळली, तर उत्तम चिपही भरवशाची ठरत नाही.

५/ सी-डॅकने आता ९६ कोअरच्या आर्म-आधारित ‘औम’ प्रोसेसरचे काम हाती घेतले आहे. रोवणी पुन्हा सुरू आहे.